जुन्या शेव्हेलचं सस्पेन्शन: किट मागवण्याआधी गाडीखाली शिरा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. १९७० ची शेव्हरोले शेव्हेल मालिबू, दोन दारांची, ३५० घन इंचांचं इंजिन, पॉवर स्टिअरिंग, पुढे डिस्क ब्रेक. ओहायोत राहता, शनिवार-रविवारी शंभर-सव्वाशे मैल चालवता, ट्रॅकवर न्यायची नाही. सरळ रस्त्यावर गाडी भटकते, वळणावर होडीसारखी कलते आणि पुलाच्या सांध्यावरून गेली की मागून उडते. चार हजार डॉलर बाजूला काढलेत. कोणीतरी सांगितलंय की चारही कोपऱ्यांत कॉइलओव्हर (शॉकअपवरच कॉइल स्प्रिंग चढवलेला एकत्र संच) बसव, प्रश्न मिटला. घ्यावेत का?

आत्ता घेऊ नका. पुढे कधी घ्यावेसे वाटले तर तेव्हा बघू, पण आज नाही.

मी कोणत्या अनुभवावर बोलतोय ते आधी सांगतो. मी कोल्हापूरचा. शाळेच्या सुट्ट्या मामाच्या गॅरेजमध्ये जीपचे पाटे सोडवण्यात आणि ग्रीस पुसण्यात गेल्या. गेली बावीस वर्षं मिशिगनमध्ये आहे, नोकरी सस्पेन्शनचीच, आणि घरी १९६९ ची पाँटियाक लमाँ आहे. लमाँ आणि शेव्हेल चुलत बहिणी. जनरल मोटर्सच्या ए-बॉडी घराण्यातल्या, तशाच ओल्ड्समोबिल कटलस आणि ब्युइक स्कायलार्क. वेगळी चेसी, पुढे प्रत्येक चाकाला वर-खाली दोन आर्म (चाकाला चेसीशी जोडणारे दांडे) आणि कॉइल स्प्रिंग, मागे अखंड ॲक्सल आणि त्याला धरणारे चार आर्म, ही सगळ्यांची ठेवण एकच. त्यामुळे तुमच्या गाडीखाली मी गेलेलो नसलो तरी खाली काय दिसणार ते मला बऱ्यापैकी ठाऊक आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे की कडक आणि घट्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पन्नास वर्षांची गाडी झुलते ती बहुतेक वेळा ढिली झालेली असते म्हणून. तिला आधी घट्ट करायची. कडक किती करायची हे त्यानंतर ठरवायचं, आणि तेव्हा लक्षात येतं की वाटलं होतं त्याच्या निम्मीच कडक करायला हवी होती.

तुमच्या तक्रारी तीन आहेत आणि तिन्हींची मुळं वेगळी आहेत. सरळ रस्त्यावर भटकणं हे स्टिअरिंगचा प्ले (सैलपणा), जुने टायर आणि कॅस्टर (पुढचं चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा पुढे-मागे कल) यांचं दुखणं. वळणावर कलणं हे बुश (आर्मच्या सांध्यांतली रबरी अस्तरं), शॉकअप, अँटी-रोल बार (कलणं रोखणारा आडवा दांडा) आणि पुढच्या चाकाच्या कलाचं. मागून उडणं म्हणजे शॉकअप मेलेत, किंवा स्प्रिंग बसल्यामुळे ॲक्सल बंपस्टॉपवर (हालचाल अडवणाऱ्या रबरी ठोकळ्यावर) आपटतोय. आता यातल्या पहिल्या तक्रारीवर कॉइलओव्हर काय करणार? आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

तर शनिवारी गाडीखाली शिरा. इंजिन चालू ठेवा, पार्किंग ब्रेक लावा, चाकांना लाकडाचे ठोकळे लावा आणि बायकोला किंवा मुलाला स्टिअरिंगवर बसवून दोन-दोन इंच डावी-उजवीकडे हलवायला सांगा. तुम्ही खालून बघायचं की हालचाल कुठे मरते. शाफ्टच्या टोकाची रबरी चकती पिळवटते का, स्टिअरिंग बॉक्समध्ये जाणारा दांडा फिरतो पण बॉक्समधून निघणारा खालचा पिटमन आर्म हलत नाही असं होतं का, दुसऱ्या बाजूने स्टिअरिंगचे दांडे तोलणारा आयडलर आर्म वर-खाली डोलतो का. माझ्या लमाँत स्टिअरिंग तीन बोटं फिरल्यावर चाकाला जाग यायची. मी बॉक्सला दोष देत बसलो होतो. निघाला आयडलर आर्म, पाऊण इंच वर-खाली. नवा बसवायला दोन बोल्ट आणि एक नट एवढंच काम होतं.

मग पुढचं एक चाक उचला. जॅक खालच्या आर्मखाली लावायचा, चेसीखाली नाही. या गाडीत स्प्रिंग खालच्या आर्मवर बसते, म्हणून जॅक आर्मखाली असला तरच बॉल जॉइंटवरचा (आर्म आणि चाक जोडणाऱ्या गोल सांध्यावरचा) दाब निघतो आणि खरा प्ले हाताला कळतो. चाक घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून हलवा, म्हणजे बॉल जॉइंट आणि व्हील बेअरिंग कळतील. तीन आणि नऊला धरलं की टायरॉड, म्हणजे चाक वळवणारा दांडा.

ओहायो म्हणजे हिवाळ्यातलं मीठ, त्यामुळे चेसीही तपासा. मागच्या ॲक्सलच्या वरून जाणारा चेसीचा वळसा आणि मागच्या खालच्या आर्मच्या कंसाभोवतीची जागा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर देवाचे आभार माना. बद्द आला किंवा टोचल्यावर स्क्रूड्रायव्हरचं टोक आत गेलं तर चार हजार वेल्डरचे, सस्पेन्शनचा विषय पुढच्या वर्षी. बॉडी आणि चेसीमधली रबरंही बघून घ्या. ती चेपलेली असतील तर चेसी एकीकडे आणि बॉडी दुसरीकडे अशी गाडी चालते, आणि माणूस शॉकअप बदलत राहतो.

आता बुश. पुढच्या चारही आर्मचे बुश आणि चारही बॉल जॉइंट एकदाच बदला, कारण स्प्रिंग एकदाच काढायची असते. ती काढताना घाई नको. दाबलेली कॉइल सुटली तर हाड मोडते, नशीब वाईट असेल तर त्याहूनही वाईट. स्प्रिंगमधून साखळी ओवून चेसीला बांधा, खालच्या आर्मखाली ट्रॉली जॅक ठेवा, आणि बॉल जॉइंटचा टेपर सुटेपर्यंत नट पूर्ण काढू नका, चार आटे ठेवाच. मामा म्हणायचा, स्प्रिंगसमोर तोंड न्यायचं नाही, पाठच फिरवायची.

रबरी बुश घातले की माणसं हमखास एक चूक करतात. गाडी लिफ्टवर असताना, चाकं लोंबकळत असताना आर्मचे बोल्ट आवळतात. रबरी बुशचं रबर आत आणि बाहेर दोन्ही नळ्यांना चिकटलेलं असतं, ते फिरत नाही, पिळलं जातं. लोंबत्या अवस्थेत आवळलं की गाडी खाली उतरल्यावर ते कायमचं पिळलेलं राहतं. गाडी इंचभर उंच उभी राहते आणि वर्षा-दोन वर्षांत रबर फाटतं. म्हणून सगळे बोल्ट आधी सैल ठेवायचे, गाडी चाकांवर उतरवायची, पुढून-मागून दोन-चारदा दाबून सोडायची आणि मग आवळायचे. वाकून करायचं काम आहे, कंबर दुखते, पण इलाज नाही.

इथपर्यंत सगळं घट्ट झालं. आता टायर. टायरच्या कडेला 'DOT' या अक्षरांपुढच्या ओळीत शेवटचे चार आकडे बघा. २३१४ असेल तर २०१४ चा तेविसावा आठवडा. नक्षी नवी कोरी दिसत असली तरी असं रबर लाकूड झालेलं असतं. शनिवार-रविवारच्या गाड्यांचे टायर झिजत नाहीत, म्हातारे होतात. कोणता घ्यायचा हे तुमच्या डोळ्याला काय रुचतं त्यावर आहे. जुना रुबाब हवा तर १५ इंची रिमवर २३५/६०, आणि वळणावर पकड हवी तर १७ इंची रिम, त्यात आजच्या गाड्यांचे चांगले टायर भरपूर मिळतात. रिमचा पिच पाच बोल्टचा, पावणेपाच इंचांचा. रिम किती आत बसेल ते कोणाच्या सांगण्यावर ठरवू नका, पुढचं चाक पूर्ण वळवून फेंडरपर्यंतची जागा स्वतः मोजा. मी १७ वर गेलो आणि खरं सांगायचं तर लमाँमधला सगळ्यात मोठा फरक त्या दिवशी पडला. इतर सगळ्या कामांपेक्षा जास्त. हे लिहिताना सस्पेन्शनचा माणूस म्हणून थोडं जिवावर येतं.

त्यानंतर अलाइनमेंट, आणि इथे जरा थांबतो, कारण या गाड्यांचं खरं वैगुण्य इथे आहे.

१९७० मध्ये गाडी बायस-प्लाय (तिरप्या धाग्यांच्या थरांच्या, जुन्या पद्धतीच्या) टायरांवर निघत होती. पुस्तकातले आकडे त्या टायरांसाठी आणि हलक्या हाताने फिरणाऱ्या स्टिअरिंगसाठी आहेत, म्हणून कॅस्टर शून्याच्या आसपास. अलाइनमेंटवाला संगणकात १९७० शेव्हेल टाकतो, हिरवी पट्टी दिसेपर्यंत फिरवतो आणि 'स्पेकमध्ये आहे' म्हणून कागद देतो. गाडी मात्र भटकतच राहते. तुमच्याकडे पॉवर स्टिअरिंग आहे, तेव्हा जड होण्याची चिंता नाही. त्याला कागदावर लिहून द्या: कॅस्टर अधिक ३ ते ४ अंश, कॅम्बर (चाकाच्या डोक्याचा आत-बाहेर कल) उणे अर्धा ते पाऊण अंश, टो-इन (चाकांच्या पुढच्या कडा किंचित आत वळलेल्या) एकूण १/१६ ते १/८ इंच. मूळच्या वरच्या आर्मवर शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) घालून कॅस्टर साधारण अडीच-तीनपर्यंत येतो, नंतर शिमांचा गठ्ठा फार जाड होतो. त्यापुढे जायचं तर मुळातच बॉल जॉइंट मागे सरकवून बनवलेले वरचे आर्म घ्यावे लागतात.

कॅस्टर वाढला की सरळ रस्त्यावर चाक आपसूक सरळ येतं. दुसरा फायदा वळणावर होतो. चाक वळवलं की बाहेरच्या चाकाचं डोकं आत झुकतं, आणि वळणावर भार बाहेरच्याच चाकावर असतो.

आता वैगुण्याकडे. या गाडीच्या पुढच्या चाकाचा स्पिंडल (चाक ज्यावर बसतं तो, वरच्या-खालच्या बॉल जॉइंटमधला भाग) बुटका आहे. परिणामी वरचा आर्म चेसीकडे उंच आणि चाकाकडे उतरता असा बसतो. गाडी वळणावर कलली, बाहेरचं चाक वर गेलं, की आर्मचं बाहेरचं टोक वर्तुळाकार जात आणखी बाहेर सरकतं आणि चाकाचं डोकं बाहेर ढकलतं. म्हणजे टायर सपाट टेकायला हवा तेव्हाच तो बाहेरच्या कडेवर उभा राहतो. चप्पल एका कडेला झिजलेल्या माणसाची चाल आठवा. म्हणून या गाड्या पुढून घसरतात आणि टायर किंचाळतात. आजच्या गाड्यांत नेमकं उलट होतं, चाक वर जाताना डोकं आत घेतं.

यावर स्वस्त आणि शहाणा उपाय म्हणजे वरचा बॉल जॉइंट अर्धा इंच उंच मानेचा घेणं. वरच्या आर्मचं बाहेरचं टोक तेवढं वर जातं आणि उतार बराचसा निघून जातो. बॉल जॉइंट बदलणारच आहात, तर तोच घ्या. जुनी युक्ती म्हणजे १९७७ नंतरच्या, जनरल मोटर्सच्याच मोठ्या बी-बॉडी गाड्यांचे उंच स्पिंडल लावणं. माझ्या एका मित्राने ते केलं. कॅम्बर सुधारला, पण त्या स्पिंडलचे स्टिअरिंग आर्म या गाडीच्या टायरॉडशी जुळत नाहीत. त्यामुळे खड्ड्यात चाक वर-खाली झालं की गाडी आपोआप दिशा बदलू लागली, ज्याला बंप-स्टिअर म्हणतात. दोन वर्षांनी त्याने ते काढले. आज चांगले पर्याय मिळतात, तेव्हा त्या स्पिंडलच्या वाटेला जाऊ नका.

शॉकअपबद्दल फार लिहीत नाही. चांगले मोनोट्यूब गॅसवाले घ्या. माझ्याकडे बिल्स्टाइन आहेत आणि मी खूश आहे. पुढचा स्प्रिंगच्या आत बसतो, खाली दोन छोटे बोल्ट आणि वर एक नट. दुपारचं काम. सगळ्यात स्वस्त गॅस शॉकअप घेऊ नका, ते गाडी सावरत नाहीत, नुसती ताठ करतात.

आतापर्यंतचं एका दमात: प्ले काढला, चेसी तपासली, बुश आणि बॉल जॉइंट नवे, टायर नवे, अलाइनमेंट आजच्या आकड्यांवर, शॉकअप चांगले. याला माझ्या अंदाजाने तुमच्या चार हजारांतले अडीच-तीन जातील, रिम बदललेत तर जास्त. आता महिनाभर काहीही न करता चालवा. बरेच जण इथेच थांबतात आणि समाधानी असतात.

तरी कलणं जास्त वाटलं तर अँटी-रोल बार, आधी पुढचा. बारचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. म्हणजे एक इंचाचा भरीव बार काढून सव्वा इंचाचा घातला की तो जवळजवळ अडीच पट ताठ होतो. म्हणून 'थोडा जाड' असं काही नसतं. सत्तरच्या दशकातल्या पाँटियाक ट्रान्स ॲमचा सव्वा इंची बार या गाडीला बसतो, जुन्या सामानाच्या बाजारात अजून सापडतो. तुमची गाडी पुढून जड आहे, तिला पुढचा बार मानवतो.

मागचा बार मात्र विचार करून. शेव्हेलला तो एफ-४१ या सस्पेन्शन पॅकेजबरोबर यायचा आणि ओल्ड्स ४४२ लाही होता, तेव्हा घालणं चूक नाही. पण तो खालच्या आर्मना बोल्टने लागतो आणि साध्या गाडीचे हे आर्म एका बाजूने उघडे, पन्हाळीसारखे असतात. बंद पेटीसारखे आर्म घ्या किंवा पट्टी वेल्ड करून घ्या, आणि बोल्टभोवती आतून नळी घाला. नाहीतर आवळताना आर्मच चेपतो.

आणि मागच्या चार आर्मच्या बुशांबद्दल माझी स्वतःची फजिती सांगतो. मागचे दोन वरचे आर्म तिरपे आहेत, ॲक्सल डावी-उजवीकडे सरकू नये हे काम तेच करतात. गाडी एका कुशीवर कलली की चारही आर्मना आपापल्या अक्षाभोवती थोडं पिळावं लागतं, आणि ही पिळायची मुभा फक्त बुशच्या रबरात आहे. मी हौसेने चारही आर्मना दोन्ही टोकांना पॉलियुरेथेनचे बुश ठोकले, लालभडक, दिसायला झकास. कोरड्या रस्त्यावर आठवडाभर गाडी भारी वाटली. मग एका रविवारी सकाळी पाऊस पडून गेलेला असताना महामार्गाच्या गोल रॅम्पवर, ताशी जेमतेम पस्तीस मैलांवर, मागचा भाग एका झटक्यात बाहेर आला. आधी काही इशारा नाही, टायरचा आवाज नाही. उजवीकडच्या गवतात थांबलो. गाडीला ओरखडा नाही, बायको तिसऱ्या दिवशी बोलली.

झालं होतं असं: युरेथेन पिळायला तयार नाही, म्हणून चारही आर्म आणि ॲक्सल मिळून एकच भलामोठा अँटी-रोल बार बनला होता. थोडं कलेपर्यंत ठीक, पुढे एकदम दगड. मागचं आतलं चाक उचललं गेलं आणि बाहेरच्याने हात टेकले. म्हणून नियम साधा ठेवा: मागच्या वरच्या आर्मना रबरच, विशेषतः डिफच्या (ॲक्सलच्या मधल्या पेटीच्या) कानात बसणाऱ्या बुशना. खालच्या आर्मना सुधारायचंच असेल तर गोलाकार फिरणारा जॉइंट असलेले आर्म घ्या, ते हवे तसे पिळतात. युरेथेन घालायचंच तर पुढच्या बारच्या कंसांना आणि लिंकना घाला, तिथे ते उत्तम.

स्प्रिंग सगळ्यात शेवटी. किती ताठ, हे तुमच्या रस्त्यांवर, एसी आहे की नाही यावर आणि पुढच्या वजनावर ठरतं. ४५४ घन इंचांच्या इंजिनवाल्याने सुचवलेली स्प्रिंग तुमच्या ३५० ला लागू नाही, त्याचं इंजिन शंभर पौंडांहून जास्त जड आहे. खोक्यावरच्या आकड्यालाही फसू नका. स्प्रिंग आर्मच्या मध्यावर बसली असेल तर चाकाशी तिचा ताठपणा चौथाई उरतो, इंचाला ५०० पौंडांची स्प्रिंग चाकाला १२५ ची वाटते. मागे ॲक्सलवर तसं नसतं, म्हणून पुढचे-मागचे आकडे एकमेकांशी ताडून बघण्यात अर्थ नाही. इंचभर खाली बसणारी, मूळपेक्षा थोडी ताठ स्प्रिंग पुरे. दोन इंच खाली नेलीत तर बंपस्टॉप पुन्हा आपटतील आणि तिसरी तक्रार परत येईल.

आता कॉइलओव्हर का नकोत ते एका मुद्द्यात. पुढे ते मूळ स्प्रिंगच्याच कप्प्यात बसतात, त्यामुळे तिथे फारशी अडचण नाही. मागे मात्र मूळ गाडीत वजन स्प्रिंगच्या बैठकीवर आहे आणि शॉकअपच्या आडव्या पट्टीवर फक्त शॉकअपचं बळ. मागे कॉइलओव्हर लावलेत की गाडीच्या मागच्या भागाचं सगळं वजन त्या पट्टीवर आणि बोल्टवर येतं. ओहायोतल्या पन्नास हिवाळ्यांनंतर मी तरी ते करणार नाही, पट्टी मजबूत केल्याशिवाय नाहीच.

स्टिअरिंग बॉक्सचं तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. १९८० च्या दशकातल्या माँटे कार्लो एसएसचा १२.७ ला १ गुणोत्तराचा, म्हणजे वेगवान, बॉक्स बसतो, हातात मोठा फरक पडतो. पाइपांची तोंडं नंतरच्या काळात मेट्रिक ओ-रिंगची झाली, तेव्हा जोडण्या बदलाव्या लागतील. त्याच काळातल्या कमॅरोचा बॉक्स घेताना जपून, त्याचा फिरायचा पल्ला कमी असतो आणि गाडी वळायला जास्त जागा घेते. पण आयडलर आर्म ढिला असताना वेगवान बॉक्स घालणं म्हणजे भटकणं वेगवान करणं, म्हणून हेही नंतर.

शनिवारी खाली शिराल तेव्हा दोन गोष्टी बघून कळवा. टायरवरचे शेवटचे चार आकडे, आणि मागच्या वरच्या आर्मचे बुश काळे आहेत की लाल-पिवळे. आधीच्या मालकाने तिथे युरेथेन घातलेलं असेल तर वरचा सगळा क्रम बाजूला ठेवा आणि आधी तेच काढा, पावसाळी दिवसात गाडी बाहेर काढण्याच्या आत.